रॅप ऐकून माणूस हिंसक होतो का?

अमेरिकेतील अटलांटा शहरात यंग थग या नावाने गाणाऱ्या नामवंत रॅपरवर गुन्हेगारी टोळी चालवल्याच्या आरोपाखाली मे २०२२ मध्ये आरोपपत्र दाखल झाले. नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रत्यक्ष सुनावणी सुरू होण्याच्या सुमारास न्यायाधीशांनी त्याच्या गाण्यांतील काही ओळी पुरावा म्हणून मांडण्यास सरकारी पक्षाला सशर्त परवानगी दिली. जॉर्जिया राज्याच्या इतिहासात सर्वाधिक काळ चाललेला हा फौजदारी खटला त्याच्यापुरता ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. काही आरोप त्याने मान्य केले आणि तुरुंगात काढलेला काळ धरून न्यायालयाने त्याला अटींवर सोडले. मात्र या खटल्याने पुन्हा वर आणलेला प्रश्न तसाच उरला आहे: बंदुका, सूड आणि खून यांचे वर्णन करणारी गाणी खरोखर हिंसा घडवतात, की घडलेल्या हिंसेबद्दल फक्त बोलतात?

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणाऱ्यांचे दोन पक्ष गेली पस्तीस-चाळीस वर्षे एकमेकांशी भांडत आहेत. दोघांच्याही बाजूने काही अभ्यास दाखवता येतात, आणि सामान्य वाचकाचा गोंधळ होतो तो इथेच. तो सोडवायचा तर आधी रॅपमध्ये हिंसा आली कुठून आणि ती किती आहे, हे पाहावे लागेल.

रॅपमध्ये हिंसा आली कुठून

तालावर, यमके जुळवत, गाण्यापेक्षा बोलण्याला जवळ असलेल्या ढंगात शब्द म्हणणे म्हणजे रॅप. ज्या हिप-हॉप संस्कृतीचा तो भाग आहे, तिचा जन्म न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क याने वाजवलेल्या एका पार्टीत झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्या काळचा दक्षिण ब्रॉन्क्स म्हणजे वस्तीच्या मधोमध महामार्ग काढल्यामुळे उखडली गेलेली घरे, बंद पडणारे कारखाने आणि वारंवार आगी लागून ओस पडलेल्या इमारती. असे असूनही सुरुवातीचे रॅप बहुतांशी नाचण्याचे आणि मौजमजेचे होते. वस्तीतील दारिद्र्य आणि घुसमट त्यात ठळकपणे उतरली ती १९८२ च्या आसपास.

ज्याच्यावर आज आरोप होतो ते गँगस्टा रॅप, म्हणजे टोळ्यांतील जगणे प्रथमपुरुषी एकवचनात मांडणारा प्रकार, त्यानंतर काही वर्षांनी आला. १९८८ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनमधील एन.डब्ल्यू.ए. या गटाने तो देशभर पोहोचवला. त्यांच्या पोलिसांवरील एका गाण्यामुळे १९८९ मध्ये एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने त्यांच्या ध्वनिमुद्रण कंपनीला नाराजीचे पत्र पाठवले. त्यातून गटाला जी प्रसिद्धी मिळाली, ती जाहिरातींवर कितीही खर्च करून मिळाली नसती.

रॅपची बाजू घेणारे अनेक जण ‘त्यात हिंसा फारशी नसतेच’ असे सांगतात, ते खरे नाही. समाजशास्त्रज्ञ कॅरिस कुब्रिन यांनी १९९२ ते २००० या काळातील लोकप्रिय अल्बममधून निवडलेल्या ४०३ रॅप गाण्यांचा अभ्यास केला, तेव्हा जवळजवळ दोन-तृतीयांश गाण्यांत हिंसेचा या ना त्या स्वरूपात उल्लेख आढळला. पण त्याहूनही किंचित अधिक गाण्यांत आढळला तो मान राखण्याचा आणि मिळवण्याचा विषय. जिथे पोलिसांवर विश्वास नाही आणि न्यायालयात दाद मिळेल अशी आशा नाही, तिथे आपल्याला कोणी हात लावू नये म्हणून आधीच धाक निर्माण करून ठेवणे, हा त्या वस्त्यांतील अलिखित नियम गाण्यांत सतत डोकावतो, असा कुब्रिन यांचा निष्कर्ष होता. गाणे हा नियम शिकवते की तो आधीपासूनच माहीत असलेल्या लोकांशी बोलते, हे मात्र केवळ शब्द मोजून ठरत नाही.

प्रयोगशाळेत काय दिसले

मानसशास्त्रात आक्रमकता आणि हिंसा हे दोन वेगळे शब्द आहेत. आक्रमकतेत रागाची भावना, शत्रुत्वाचे विचार, कुणाला टाकून बोलण्याची इच्छा असे बरेच काही येते. दुसऱ्याला गंभीर शारीरिक इजा करणे म्हणजे हिंसा. वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा फरक बहुधा गळून पडतो, आणि आक्रमक विचारांवरील अभ्यास हिंसेवरील अभ्यास म्हणून छापला जातो.

क्रेग अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेले पाच प्रयोग याचे उत्तम उदाहरण आहेत. त्यांत महाविद्यालयात शिकणाऱ्या पाचशेहून अधिक विद्यार्थ्यांचा सहभाग होता. काहींना हिंसक शब्दांची, तर काहींना तशा शब्दांविना असलेली गाणी ऐकवली गेली. त्यानंतर त्यांना राग किती जाणवतो हे विचारले गेले, अर्धवट शब्द पूर्ण करण्यास सांगितले गेले आणि ‘दगड’ किंवा ‘काठी’ यांसारखे, हत्यारही ठरू शकणारे शब्द त्यांना कोणत्या अर्थाने सुचतात, हे तपासले गेले. हिंसक गाणी ऐकलेल्यांच्या मनात शत्रुत्वाची भावना आणि आक्रमक विचार थोडे अधिक आढळले.

हा परिणाम खरा आहे आणि तो झटकून टाकण्याचे कारण नाही. गाण्याचा मनावर काहीच परिणाम होत नाही असे म्हणणाऱ्याने गाणी लोक ऐकतात तरी कशासाठी, याचे उत्तर दिले पाहिजे. मात्र कुणी कुणाला मारले का, हे या प्रयोगांत मोजलेच गेले नव्हते. गाणे ऐकल्यावर लगेच मनात काय येते एवढेच मोजले गेले, आणि हा परिणाम अल्पजीवी असू शकतो हे खुद्द संशोधकांनीच नमूद केले. शिवाय वापरलेली गाणी प्रामुख्याने रॉक संगीताची होती. म्हणजे रॅपविरुद्ध वारंवार पुढे केला जाणारा हा पुरावा मुळात रॅपविषयीचा नाहीच.

सतत ऐकून मन निबर होते का, हा पुढचा प्रश्न. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये डेथ मेटल या अतिशय रक्तरंजित शब्दांच्या संगीताचे चाहते आणि इतर लोक यांची तुलना केली. प्रत्येकाच्या एका डोळ्यासमोर हिंसेचे आणि दुसऱ्या डोळ्यासमोर साधे चित्र ठेवून मेंदू कोणत्या चित्राकडे अधिक वेळ लक्ष देतो, हे पाहिले गेले. हिंसक चित्राने चाहत्यांचे लक्ष इतरांइतकेच वेधून घेतले. वर्षानुवर्षे असे संगीत ऐकूनही त्यांची संवेदना बोथट झाली नव्हती. चाचणीत सहभागी झालेले लोक शंभराहून कमी होते आणि संगीताचा प्रकारही वेगळा होता, त्यामुळे यावरून रॅपचे प्रकरण निकालात निघत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

‘पण हिंसक मुले रॅप ऐकतातच ना?’

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. अमेरिकेतील १४ ते १८ वयोगटातील ५२२ कृष्णवर्णीय मुलींचा एक वर्षभर मागोवा घेणारा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला रॅपचे व्हिडिओ अधिक पाहणाऱ्या मुलींपैकी शिक्षकांवर हात उचलणाऱ्या मुलींचे प्रमाण इतरांच्या तिप्पट, तर अटक झालेल्यांचे प्रमाण अडीचपट निघाले.

इथे सहसंबंध ही कल्पना समजून घ्यावी लागते. दोन गोष्टी एकत्र वाढताना किंवा घटताना दिसल्या की त्यांच्यात सहसंबंध आहे असे म्हणतात; पण त्यातील एक दुसरीमुळे घडते असा त्याचा अर्थ होत नाही. रस्त्यावर छत्र्या दिसतात त्या दिवशी चिखलही दिसतो, म्हणून छत्र्यांमुळे चिखल होतो असे कोणी म्हणत नाही, कारण मधला पाऊस सर्वांना ठाऊक असतो. रॅप आणि हिंसा यांच्या बाबतीत हा पाऊस म्हणजे घरातील मारहाण, रात्री उशिरापर्यंत बाहेर राहणाऱ्या मुलाची चौकशी करणारे कोणी नसणे, वस्तीत टोळ्या असणे, शाळा अर्धवट सुटणे. या अभ्यासात पालकांची देखरेख आणि नोकरी यांचा हिशेब धरला होता, पण मैत्रिणी कशा आहेत, घरात काय चालते अशा सर्वच गोष्टींचा हिशेब कोणत्याही अभ्यासाला पूर्णपणे धरता येत नाही. आधीच संतापलेल्या मुलीला संतापाची गाणी आवडणे, हा उलट दिशेचा संबंधही तितकाच शक्य आहे.

तरुणांमधील हिंसेवर अमेरिकेच्या सर्जन जनरलने, म्हणजे तेथील सरकारच्या सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याने, २००१ मध्ये जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला, त्यात किशोरवयातील सर्वांत प्रबळ धोके म्हणून दुबळे सामाजिक बंध, गुन्हे करणारे सोबती आणि टोळीतील सहभाग यांची नोंद होती. दूरचित्रवाणीवरील हिंसेचा परिणामही त्यात होता, परंतु तो लहान गणला गेला. संगीताचा वेगळा विचार करण्याइतके संशोधनही तेव्हा हाताशी नव्हते.

देशभरातील आकडे काय सांगतात

जून १९९१ मध्ये एन.डब्ल्यू.ए.चा दुसरा अल्बम अमेरिकेच्या अल्बम-विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचला. त्या वर्षी अमेरिकेत दर लाख लोकांमागे ९.८ खून झाले, एकूण सुमारे २४,७००. गाणी हेच कारण असते, तर पुढील दशक भयंकर जायला हवे होते, कारण रॅप वाढतच गेला. १९९८ मध्ये त्याने कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेल्या लोकप्रिय संगीताला मागे टाकले आणि त्या एका वर्षात त्याचे ८ कोटींहून अधिक अल्बम विकले गेले. पण याच काळात खुनांचे प्रमाण झपाट्याने उतरत गेले आणि २००० मध्ये ते दर लाखामागे ५.५ वर आले. शिवाय ही गाणी विकत घेणाऱ्यांत मोठा वाटा उपनगरांतील सुखवस्तू गोऱ्या तरुणांचा होता, आणि त्या उपनगरांत टोळीयुद्धे पेटली नाहीत.

यावरून रॅपमुळे गुन्हे कमी झाले असा उलटा निष्कर्ष काढणेही तितकेच चुकीचे ठरेल. खून का घटले यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. तुरुंगात टाकलेल्यांची वाढलेली संख्या, पोलीसबळ, सुधारलेली अर्थव्यवस्था, हवेतील शिशाचे घटलेले प्रमाण, अशी अनेक कारणे पुढे केली जातात. खून वाढण्यामागे मात्र १९८० च्या दशकाच्या मध्यास शहरांत आलेले क्रॅक, म्हणजे ओढण्याजोगे स्वस्त कोकेन, आणि त्याच्या धंद्यासोबत तरुणांच्या हाती आलेली पिस्तुले यांचा मोठा भाग होता, यावर बऱ्यापैकी एकमत आहे. गँगस्टा रॅप त्याच वर्षांत, त्याच वस्त्यांत जन्मला. पुढे २०२० मध्ये अमेरिकेतील खून एका वर्षात जवळजवळ ३० टक्क्यांनी वाढले आणि २०२३ पासून पुन्हा वेगाने घटले. या चढ-उतारांत लोक ऐकत असलेली गाणी काही बदलली नव्हती.

‘मग रॅपरच एकमेकांना का मारतात?’

सप्टेंबर १९९६ मध्ये लास वेगासमध्ये टुपाक शकूर आणि मार्च १९९७ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये नोटोरियस बी.आय.जी. गोळीबारात मारले गेले. दोघांतील वैर गाण्यांतूनही उमटले होते, त्यामुळे दोन्ही खुनांचा दोष गाण्यांच्या माथी मारला गेला. टुपाकच्या बाबतीत पोलिसांचे म्हणणे मात्र वेगळे आहे: त्याच संध्याकाळी एका हॉटेलात प्रतिस्पर्धी टोळीतील एकाला झालेल्या मारहाणीचा तो सूड होता.

तरीही हा आक्षेप मी पूर्णपणे फेटाळणार नाही, कारण ड्रिल या प्रकारात गाणे आणि भांडण खरोखर जवळ आलेले दिसतात. २०१० नंतर शिकागोच्या साउथ साइडमध्ये उदयाला आलेल्या आणि तेथून लंडनला पोहोचलेल्या या रॅपमध्ये काही गायक मारल्या गेलेल्या प्रतिस्पर्ध्याचे नाव घेऊन त्याची टिंगल करतात आणि पुढचा कोण हेही सूचित करतात. असे गाणे हजारो अनोळखी लोकांसाठी करमणूक असते, पण ज्याचा भाऊ गेला आहे त्याच्यासाठी ते जाहीर आव्हान असते. त्यातून पुढे काही घडले, तर गाण्याचा त्यात वाटा नव्हता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. अर्थात तोच वाटा भिंतीवर लिहिलेल्या शिवीचा किंवा समाजमाध्यमावरील एका फोटोचाही असू शकतो. तिथे काम करतो तो अपमान, संगीतप्रकार नव्हे. शिकागोतील अशा तरुणांमध्ये दीर्घकाळ वावरलेले समाजशास्त्रज्ञ फॉरेस्ट स्टुअर्ट यांनी याची दुसरी बाजूही दाखवली आहे: यातील अनेक जण न केलेले पराक्रम गाण्यांतून मिरवतात, कारण प्रेक्षक त्यालाच मिळतात.

मे २०१८ मध्ये लंडनच्या पोलिसांच्या मागणीवरून यूट्यूबने सुमारे ३० ड्रिल व्हिडिओ काढून टाकले. जानेवारी २०१९ मध्ये तर न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून एक गाणे सादर केल्याबद्दल दोन रॅपरांना नऊ महिन्यांची स्थगित कैद सुनावली गेली. पुढे बेनेट क्लाइनबर्ग आणि पॉल मॅकफार्लेन यांनी ड्रिल गाण्यांतील शब्दांचा कल लंडन पोलिसांच्या नोंदींतील तीन प्रकारच्या हिंसक गुन्ह्यांशी ताडून पाहिला, तेव्हा दोहोंत दखल घेण्याजोगा कोणताही संबंध आढळला नाही. एखादे गाणे एखाद्या भांडणात ठिणगी ठरू शकते, पण तो प्रकार म्हणून शहरातील हिंसा वर-खाली करत नाही, ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

शब्द तेच, नाव वेगळे

गाण्यांत खून रॅपने आणलेला नाही. सेंट लुईसमध्ये १८९५ च्या नाताळात झालेल्या एका खुनावरील लोकगीत शंभर वर्षे असंख्य गायकांनी गायले. मग बोट रॅपकडेच का दाखवले जाते? याचा सर्वांत बोलका पुरावा कॅरी फ्राइड या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९९६ मध्ये दिला. एका पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालणाऱ्या माणसाविषयीच्या १९६० च्या लोकगीताच्या ओळी त्यांनी लोकांना नुसत्या वाचायला दिल्या. काहींना त्या कंट्री गाण्यातील, तर काहींना रॅपमधील असल्याचे सांगितले. अक्षरही बदललेले नव्हते. तरी रॅप म्हणून वाचणाऱ्यांना त्या अधिक धोकादायक आणि बंदी घालण्याजोग्या वाटल्या. गायक म्हणून कृष्णवर्णीय माणसाचा फोटो दाखवला, तरीही तसेच घडले. जवळजवळ वीस वर्षांनी इतर संशोधकांनी असाच प्रयोग केला, तेव्हा रॅप या नावाचा परिणाम कायम असल्याचे आढळले. १९९२ मध्ये पोलिसांना मारण्याविषयीच्या एका गाण्यावरून अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांपर्यंत सर्वांनी टीकेची झोड उठवली आणि सगळे त्याला रॅप म्हणत राहिले. प्रत्यक्षात आइस-टी या रॅपरने आपल्या हेवी मेटल बँडसोबत केलेले ते मेटल गाणे होते.

न्यायालयात गेल्यावर

हा पूर्वग्रह घरच्या चर्चेपुरता राहिला असता, तर फार बिघडले नसते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये महामार्ग पोलिसाला मारणाऱ्या तरुणाच्या वकिलांनी रॅपनेच त्याला भडकवले असा बचाव केला. ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, तो मानला नाही आणि त्याला मृत्युदंड दिला. गंमत अशी की आरोपींच्या कामी न आलेला हा युक्तिवाद पुढे उलट्या बाजूने सरकारी वकिलांच्या फार कामी आला. आरोपीने लिहिलेले रॅप वाचून दाखवायचे आणि हा माणूस असाच आहे, असे सुचवायचे. मानसशास्त्रज्ञ स्टुअर्ट फिशॉफ यांच्या १९९९ च्या अभ्यासात तर, खुनाचा आरोप असल्याचे कळल्यावर लोकांचे एखाद्या तरुणाविषयीचे मत जेवढे वाईट झाले, त्याहून अधिक ते त्याने लिहिलेल्या रॅपच्या ओळी वाचून झाले.

न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये असेच एक प्रकरण हाताळले. खुनाच्या प्रयत्नाच्या खटल्यात आरोपीच्या वहीतील तेरा पाने ज्यूरीसमोर वाचली गेली होती, आणि त्यातील बराचसा मजकूर घटनेच्या कितीतरी आधीचा होता. बॉब मार्ले यांनी शेरीफला गोळी घातल्याचे गाणे लिहिले म्हणून त्यांनी खरोखर तसे केले असे कोणी धरत नाही, अशा आशयाचा दाखला देत न्यायालयाने पूर्ण खटला नव्याने चालवण्याचा आदेश दिला. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने यासाठी कायदाच केला: कलाकृती पुरावा म्हणून मांडायची असेल, तर न्यायाधीशाने आधी ज्यूरीच्या अनुपस्थितीत तिचे वजन आणि तिच्यातून उद्भवणारा पूर्वग्रह तोलून पाहायचा. गुन्ह्याचा जाहीर न झालेला तपशील गाण्यात अचूक सापडला, तर तो पुरावा म्हणून अजूनही चालू शकतो, आणि ते योग्यच आहे.

मग गाणे कधीच दोषी ठरत नाही का?

ठरू शकते, पण त्यासाठीची कसोटी कडक आहे. तात्काळ बेकायदा कृत्य घडवण्याचा हेतू आणि ते घडण्याची खरी शक्यता, या दोन्ही गोष्टी असतील तरच चिथावणीसाठी शिक्षा करता येते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये ठरवले. बाजारात वर्षभर विकले जाणारे गाणे या कसोटीत बसणे अवघडच.

अशी कसोटी किती बारीक असू शकते, ते आफ्रिकेतील रवांडाच्या एका खटल्यात दिसले. तेथील लोकप्रिय गायक सिमॉन बिकिंदी यांची गाणी १९९४ मध्ये तेथील तुत्सी या अल्पसंख्य समाजाच्या झालेल्या वंशसंहाराच्या काळात रेडिओवरून पुन्हा पुन्हा वाजवली गेली होती. ती वांशिक द्वेष पसरवणारी होती, हे आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने मान्य केले. परंतु ती हल्ले घडवण्याच्या हेतूने रचली गेली होती किंवा संहाराच्या काळात ती वाजवण्यात बिकिंदी यांचा हात होता, हे निःसंशय सिद्ध झाले नाही. डिसेंबर २००८ मध्ये त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. ती जून १९९४ च्या अखेरीस एका रस्त्यावर वाहनावरील ध्वनिक्षेपकातून त्यांनी तुत्सींना ठार मारण्याचे जे आवाहन केले होते, त्यासाठी होती.